'हुशार आहे, पण…' : एडीएचडी, बुद्धिमत्ता आणि कल्पकता

(पिनर येथील मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



संयोजकांनी मला सुचवलेले शीर्षक होते 'एडीएचडी : शाप की वरदान?' ते मी बदलून घेतले. या प्रश्नाची दोन्ही उत्तरे आपल्या घरांमध्ये दिली जातात आणि दोन्हींमुळे मुलांचे नुकसान होते, असे मला वाटते. ते कसे, हे आज मांडायचे आहे.

आधी एक खुलासा. मी वैद्यकीय डॉक्टर नाही. माझी डॉक्टरेट संख्याशास्त्रीय जनुकशास्त्रातली आहे. आजारांमधला आनुवंशिक वाटा मोजणे हे माझे काम. त्यामुळे कोणाच्या मुलाला काय झाले आहे हे मी सांगणार नाही. पुरावा काय म्हणतो आणि किती खात्रीने म्हणतो, एवढेच सांगेन. दुसरे म्हणजे, या विषयात मी पूर्णपणे तटस्थ नाही. तीन वर्षांपूर्वी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, माझे स्वतःचे एडीएचडीचे निदान झाले. शाळेच्या प्रगतिपुस्तकात माझ्यासाठी जवळजवळ दरवर्षी एकच शेरा असे : 'हुशार आहे, पण लक्ष नाही.' या सभागृहात हा शेरा ओळखीचा वाटणारी मी एकटीच नसेन.

शब्द आणि व्याख्या

अशा मुलांसाठी मराठीत शब्दांची कमतरता नाही. चळवळ्या, व्रात्य, धांदरट, वेंधळा, उनाड. पायाला भिंगरी लागलेला. मुलगी असेल तर धसमुसळी, नाहीतर 'सदा आपल्याच तंद्रीत'. गोष्टीच्या पुस्तकात आपल्याला अशी मुले फार आवडतात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे एका जागी बसला असता तर त्याच्या गोष्टी वाचायला कोण गेले असते? पण तसाच मुलगा घरात असला की पालकसभेच्या दिवशी आईच्या पोटात गोळा येतो. या सगळ्या शब्दांत एक समान गोष्ट आहे : ते स्वभावाचे आणि वळणाचे शब्द आहेत. मुलाने मनावर घेतले तर सुधारेल, हे त्यात गृहीत आहे.

वैद्यकीय व्याख्या वेगळ्या अंगाने जाते. लक्ष न टिकण्याची नऊ आणि अतिचंचलता व उतावळेपणाची नऊ, अशी अठरा लक्षणे अमेरिकन निदानपुस्तिकेत दिली आहेत. दोनपैकी किमान एका गटातली सहा, आणि वय सतरा किंवा अधिक असेल तर पाच लक्षणे असावी लागतात. त्यांतली काही वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली हवीत, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत, आणि त्यांच्यामुळे रोजच्या जगण्यात खरा अडथळा यायला हवा. ही शेवटची अट महत्त्वाची आहे. किल्ल्या सगळ्यांच्याच हरवतात. किल्ल्या, पासपोर्ट, कामाच्या मुदती आणि शेवटी नोकरी असे सगळे हरवत जाते, तेव्हा प्रश्न वेगळा असतो. जगभरात सुमारे ५ टक्के मुलांमध्ये आणि अडीच ते तीन टक्के प्रौढांमध्ये हे आढळते.

नावातला 'अभाव' हा शब्द मात्र दिशाभूल करतो. 'तीन तास लेगो खेळतो, मग लक्ष नाही कसं?' हा प्रश्न आजी-आजोबा हमखास विचारतात, आणि तो रास्त आहे. लक्ष असते, त्याचे सुकाणू हातात नसते. कंटाळवाण्या पण आवश्यक कामाकडे लक्ष वळवणे, वेळेचा अंदाज घेणे, पाच मिनिटांपूर्वी काय करायला उठलो होतो ते डोक्यात धरून ठेवणे, या गोष्टी जड जातात.

हे 'आजकालचे फॅड' आहे असेही म्हटले जाते. १९०२ साली इथेच लंडनमध्ये, रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे, जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने तीन व्याख्याने दिली. स्वतःला आवरता न येणाऱ्या, एका गोष्टीवर लक्ष ठेवू न शकणाऱ्या मुलांचे त्याने वर्णन केले. त्याची भाषा त्या काळची, नैतिकतेची आहे. पण त्याने एक गोष्ट स्वच्छ नोंदवली : यांतल्या अनेक मुलांच्या बुद्धीत काहीच कमी नव्हते. म्हणजे या प्रश्नाची पहिली नोंद झाली तेव्हाच बुद्धी आणि आत्मनियंत्रण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे दिसले होते. प्रौढांमधल्या एडीएचडीला या देशात अधिकृत मार्गदर्शक सूचनांमध्ये जागा मिळायला मात्र २००८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी 'नाइस'ने पहिली सविस्तर मार्गदर्शिका काढली.

बुद्धिमत्तेचा संबंध किती?

आता आकडे. बुद्ध्यंकाची, म्हणजे आयक्यूची, सरासरी १०० धरलेली असते. २००४ साली अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात एडीएचडी असलेल्या गटाची सरासरी तुलनेच्या गटापेक्षा सुमारे ९ गुणांनी कमी आली. हे ऐकून कोणी धसकू नये आणि कोणी निष्कर्षही काढू नये. माझ्या धंद्यातले साधे गणित करून बघू. दोन्ही गटांतला गुणांचा पसारा नेहमीसारखा, म्हणजे १५ गुणांच्या प्रमाणविचलनाचा धरला, तर सरासरीत ९ गुणांचा फरक असूनही एडीएचडी असलेल्या दर १०० जणांपैकी सुमारे २७ जण दुसऱ्या गटाच्या सरासरीच्या वरच असतील. एकट्या मुलाबद्दल ही सरासरी काहीच सांगत नाही.

शिवाय या ९ गुणांत एक गोम आहे. आयक्यू चाचणीत आकडे ऐकून उलट्या क्रमाने सांगणे, चिन्हे भराभर जुळवणे असे भाग असतात. ते तात्पुरती स्मृती आणि वेग मोजतात, आणि एडीएचडीमध्ये नेमक्या याच गोष्टी अडतात. थोडक्यात, ज्या पायाला लचक भरली आहे त्याच पायावर उभे करून उंची मोजण्यासारखे हे आहे.

मग 'एडीएचडीची मुलं जास्त बुद्धिमान असतात' हे? त्यालाही पुरावा नाही. मात्र बुद्धिमान मुलांना एडीएचडी असू शकते, याला भक्कम पुरावा आहे. बॉस्टनच्या संशोधकांनी २००७ साली ज्यांचा बुद्ध्यंक १२० किंवा त्याहून जास्त आहे अशा मुलांची तुलना केली. एडीएचडी असलेल्यांना, तितकीच बुद्धी असूनही, वर्ग पुन्हा करावे लागण्याचे आणि शिकवणीची मदत लागण्याचे प्रमाण जास्त होते, आणि त्यांच्या नातेवाइकांतही एडीएचडी अधिक आढळली.

व्यवहारात याचा अर्थ असा, की बुद्धी ही अडचण दूर करत नाही, ती लपवते. मुलगा परीक्षेच्या आदल्या रात्री वाचून ८० टक्के मिळवतो. शाळा समाधानी, आईवडील समाधानी. त्या ८० टक्क्यांसाठी त्याला काय मोजावे लागते हे कोणी विचारत नाही. माझ्या बाबतीत दहावीपर्यंत आई शेजारी बसून असायची. वसतिगृहात गेल्यावर ती शेजारी नव्हती, आणि पहिल्याच सहामाहीत पत्त्यांचा बंगला कोसळला. माझी बुद्धी तीच होती. तिच्याभोवतीचा आधार गेला होता.

चाचणी कशासाठी होती?

बुद्धिमापनाचा इतिहास मराठी माणसाला जवळचा आहे. आल्फ्रेड बिने याने १९०५ साली पॅरिसमध्ये पहिली चाचणी तयार केली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना शोधून त्यांना वेगळी मदत देता यावी म्हणून. अमेरिकेत तिची सुधारलेली आवृत्ती आली. १९३० च्या दशकात धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी तिचे कन्नड आणि मराठी मुलांसाठी रूपांतर केले. 'बिने-कामत' या नावाने ती चाचणी पुढे कित्येक दशके भारतातल्या दवाखान्यांत वापरली गेली. १९६२ साली पुण्यात अप्पा पेंडसे यांनी ज्ञानप्रबोधिनी सुरू केली, ती बुद्धिमान विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी. बुद्धी मोजता येते, तिला अनेक पैलू असतात, ही कल्पना आपल्याकडे गेली ऐंशी-नव्वद वर्षे रुजलेली आहे.

पण वाटेत कुठेतरी बिनेचा हेतू मागे पडला. मदत कोणाला हवी हे शोधणारे साधन 'पहिला नंबर कोणाचा' हे ठरवणारे साधन झाले. इथे येऊन आपण त्यात इलेव्हन प्लसची भर घातली. नऊ वर्षांची मुले शनिवारी सकाळी शिकवणीला जातात आणि त्यांतले एखादे खिडकीबाहेर बघत बसले, की आपण म्हणतो, 'हुशार आहे, पण…'

कल्पकतेचे काय?

आता सगळ्यात लोकप्रिय समजूत : एडीएचडी म्हणजे कल्पकतेची देणगी. इथे पुरावा खरोखर मनोरंजक आहे, म्हणून जरा बारकाईने बघू.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड याने विचार करण्याच्या दोन तऱ्हा सांगितल्या. एक फाकत जाणारी : विटेचे किती उपयोग सुचतात ते सांगा. दुसरी एकवटणारी : हे तीन शब्द दिले आहेत, तिघांना जोडणारा एकच शब्द शोधा. २००६ साली व्हाइट आणि शाह या संशोधिकांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांवर दोन्ही प्रकारच्या चाचण्या केल्या. एडीएचडी असलेले विद्यार्थी पहिल्या प्रकारात पुढे होते आणि दुसऱ्यात मागे. विटेचे उपयोग त्यांना जास्त सुचले, एका उत्तरावर येणे जड गेले.

पुढे असे बरेच अभ्यास झाले. २०२० साली मार्टिना होगमन आणि सहकाऱ्यांनी ३१ अभ्यासांचा आढावा घेतला. निष्कर्ष असा : ज्यांच्यात एडीएचडीची लक्षणे जास्त आहेत पण निदान होण्याइतकी नाहीत, त्यांना फाकत जाणाऱ्या विचारात फायदा दिसतो. प्रत्यक्ष निदान झालेल्यांत तो फायदा सरसकट दिसत नाही. म्हणजे थोडी चंचलता कल्पनांना हवा देत असेल. ती वाढली की वाऱ्याने दिवाच विझतो. त्याच आढाव्याचा दुसरा निष्कर्ष पालकांनी लक्षात ठेवावा : उत्तेजक औषधांमुळे कल्पकता मारली जाते, असे बहुतेक अभ्यासांत दिसले नाही. औषधांचे इतर परिणाम आहेत. भूक कमी होते, झोप लांबते, वजन, उंची आणि रक्तदाब यांवर नजर ठेवावी लागते. ते डॉक्टरांशी जरूर बोला. पण 'गोळीने माझ्या मुलाची प्रतिभा जाईल' या भीतीला फारसा आधार नाही.

शिवाय कल्पना सुचणे आणि निर्मिती होणे यांत अंतर असते. आपण जिथे बसलो आहोत त्या पिनरचेच उदाहरण घ्या. मेमोरियल पार्कमध्ये २०१६ पासून हीथ रॉबिन्सन संग्रहालय आहे. तो काही वर्षे इथे राहत असे. क्षुल्लक कामासाठी दोऱ्या, कप्प्या आणि मेणबत्त्यांची अवाढव्य यंत्रे काढणारा हा चित्रकार. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कमधल्या एका संकेतभेदी यंत्राला त्याचेच नाव पडले. ती चित्रे एकदा जवळून बघा. विनोद कल्पनेत आहे हे खरे, पण प्रत्येक दोरीची गाठ काळजीपूर्वक काढलेली आहे. ते चित्र वेळेवर पूर्ण होऊन मासिकाकडे गेले, म्हणून तर आज भिंतीवर आहे. एडीएचडी असलेल्या माणसाची खरी अडचण अनेकदा इथे असते : पहिल्या दोरीपासून शेवटच्या गाठीपर्यंत पोचणे.

'आइन्स्टाइनला एडीएचडी होती, मोझार्टला होती' अशा याद्या तुम्हालाही येत असतील. निदानासाठी बालपणाचा तपशील, दोन ठिकाणची माहिती आणि प्रत्यक्ष मुलाखत लागते. गेलेल्या माणसाचे निदान चरित्रातल्या दोन किश्शांवरून होत नाही. या याद्यांमध्ये संख्याशास्त्राच्या दृष्टीने आणखी मोठा दोष आहे : त्यांत फक्त यशस्वी लोक मोजलेले असतात. तुरुंगांतल्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१५ साली झाले. त्यात सुमारे एक चतुर्थांश कैद्यांमध्ये एडीएचडी आढळली. त्यांची यादी कोणी आपल्याला पाठवत नाही. आणि २०२५ च्या जानेवारीत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या निदान झालेल्या ३० हजारांहून अधिक प्रौढांच्या नोंदी तपासून अंदाज मांडला. त्यांचे आयुर्मान पुरुषांत सुमारे पावणेसात वर्षांनी आणि स्त्रियांत साडेआठ वर्षांहून थोडे अधिक कमी भरते. निदान न झालेले यात नाहीत, म्हणून हा आकडा सगळ्यांना लागू करता येणार नाही. पण याला 'वरदान' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

'मग तुमच्या संशोधनातल्या कल्पना एडीएचडीमुळेच सुचल्या असतील का?' असे मला निदानानंतर विचारले गेले. तुलना करायला एडीएचडी नसलेली दुसरी मी उपलब्ध नाही. अर्धवट राहिलेल्या शोधनिबंधांचा ढीग मात्र माझ्या टेबलावर आहे, तो मोजता येतो.

ईशानला चित्र काढता आले नसते तर?

२००७ साली 'तारे जमीन पर' आला. लेखक अमोल गुप्ते, दिग्दर्शक आमीर खान. त्यातल्या ईशानला डिसलेक्सिया आहे, एडीएचडी नव्हे. त्या चित्रपटाने भारतात फार मोठे काम केले. कित्येक घरांत पहिल्यांदा 'हा आळशी नाही' हे वाक्य उच्चारले गेले. तरी मला एक प्रश्न तेव्हापासून छळतो. शेवटी ईशान चित्रकलेची स्पर्धा जिंकतो आणि आपण डोळे पुसतो. त्याला चित्र काढता आले नसते तर? तो अगदी सामान्य बुद्धीचा, सामान्य कल्पकतेचा मुलगा असता तर? तर त्याला मदत मिळण्याचा हक्क कमी झाला असता का?

माझ्या आजच्या भाषणाचा गाभा हाच आहे. आपल्या समाजात मुलाचे निदान स्वीकारले जाते ते बऱ्याचदा सौदा करून : 'लक्ष लागत नाही, पण डोकं बघा कसलं आहे!' हे प्रेमापोटी होते. पण मुलगा त्यातून शिकतो, की आपली अडचण माफ व्हायची असेल तर आपण असामान्य असले पाहिजे. आणि ज्याच्याकडे दाखवायला काही असामान्य नाही, तो पुन्हा आळशीच ठरतो. दम्याच्या मुलाला इनहेलर देताना आपण त्याला गाता येते का हे विचारत नाही.

आपल्या घरांतले तीन अडथळे

पहिला, आनुवंशिकता. जुळ्यांच्या अभ्यासांवरून एडीएचडीतला आनुवंशिक वाटा सुमारे ७४ टक्के येतो. लोकसंख्येतल्या फरकांपैकी एवढा भाग जनुकीय फरकांशी निगडित आहे, असा त्याचा अर्थ. 'अमुक मुलाला ७४ टक्के शक्यता' असा नव्हे. एकच जनुक जबाबदार नाही, थोडा थोडा परिणाम करणारी पुष्कळ आहेत. यातून दोन गोष्टी निघतात. आईच्या लाडांना, तिच्या नोकरीला किंवा साखरेला दोष देणे थांबवायला हवे. आणि वडील जेव्हा म्हणतात, 'मीही लहानपणी अस्साच होतो, काही बिघडलं का माझं?' तेव्हा ते तपासणीच्या विरुद्ध नव्हे, तपासणीच्या बाजूने पुरावा देत असतात.

दुसरा, मुली. बालपणी मुलांचे निदान मुलींपेक्षा बरेच जास्त होते. प्रौढ वयात हा फरक खूप कमी होतो. वर्गात शांतपणे खिडकीबाहेर बघणारी मुलगी कोणाला त्रास देत नाही, म्हणून ती कोणाला दिसत नाही. आणि दक्षिण आशियाई घरांतल्या मुलांचे निदान या देशात गोऱ्या मुलांपेक्षा कमी प्रमाणात होते, हेही आरोग्य-नोंदींत दिसते. आपल्या मुली या दोन्ही गटांत मोडतात.

तिसरा, थोतांड. सुट्टीत पुण्या-मुंबईला गेलो की नातेवाईक हमखास काहीतरी सुचवतात : बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणारी 'डीएमआयटी' चाचणी, डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चे वर्ग. ठशांचा बुद्धीशी संबंध असल्याचा पुरावा नाही. पट्टीखालून वाचणारी मुले नाकाजवळच्या फटीतून बघतात, हे नरेंद्र नायक यांच्यासारख्या विवेकवादी कार्यकर्त्यांनी जाहीरपणे दाखवून दिले आहे. आपल्यासारख्या मंडळींनी निदान आपल्या नात्यागोत्यात तरी हे ठणकावून सांगावे.

काय करता येईल

शंका असेल तर शाळेतल्या 'सेन्को'ला, म्हणजे विशेष गरजांच्या समन्वयक शिक्षकाला, भेटा. शाळेची मदत सुरू होण्यासाठी निदानाचा कागद हातात असण्याची अट नाही. समानता कायदा, २०१० प्रमाणे शाळेवर आणि नोकरी देणाऱ्यावर वाजवी फेरबदल करण्याची जबाबदारी येऊ शकते. जीपीकडे जाताना उदाहरणे लिहून न्या. इंग्लंडमध्ये तपासणी कोणत्या संस्थेकडे करायची हे निवडण्याच्या हक्काबद्दल त्यांना विचारा. प्रतीक्षायाद्या लांब आहेत, म्हणून नाव लवकर घाला. भारतातल्या नातेवाइकांसाठी एक माहिती : २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन-अक्षमता आहे, पण एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही. तिथे हा लढा अजून बाकी आहे.

आणि घरात करता येण्यासारखी एक गोष्ट, जिला ना पैसे लागतात ना प्रतीक्षायादी. 'हुशार आहे, पण…' हे वाक्य तोंडावर आले की 'पण'च्या आधीचा भाग सोडून द्या आणि नंतरचा भाग नीट पूर्ण करा. 'गृहपाठ सुरू करायला त्याला जमत नाही.' 'दिलेल्या तीन सूचनांपैकी दोन ती विसरते.' असे म्हटले की काय मदत करायची ते दिसू लागते. मुलगा हुशार आहे की नाही, हा प्रश्न त्या मदतीसाठी लागतच नाही.

मला दिलेला वेळ संपला. वेळेचा अंदाज हा माझा कच्चा विषय आहे, हे एव्हाना तुमच्या लक्षात आले असेल. आता तुमचे प्रश्न आणि मतभेद ऐकायला आवडतील.